हुशार मुली वर्गात गप्प का बसतात? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या हायस्कूलमध्ये गणित-विज्ञान शिकवते. पालकसभा संपल्यावर दाराशी थांबून विचारलेले, तक्रारपेटीत चिठ्ठीवर लिहून टाकलेले आणि आजूबाजूच्या शाळांतल्या सहकाऱ्यांनी फोनवर विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. चिठ्ठ्यांची उत्तरं मुलींशी थेट बोलत दिली आहेत. मोठ्यांनीही ती वाचावीत.

१. मुलगी हुशारी लपवते म्हणजे नेमकं काय करते?

आठवीच्या वह्या तपासत होते. एक वही चुकून मागून उघडली. शेवटच्या पानावर पेन्सिलीनं, बारीक अक्षरात, त्या आठवड्यात फळ्यावर घातलेली बीजगणितातल्या अवयवांची सगळी उदाहरणं सोडवलेली. दोन ठिकाणी तिची रीत माझ्यापेक्षा छोटी होती. याच मुलीला मी आदल्या दिवशी उभं केलं होतं, तेव्हा ती "नाही येत मॅडम" म्हणून खाली बघत राहिली होती. मधल्या सुट्टीत तिला बाजूला घेतलं.

"तुले येत होतं ना वं? मंग सांगितलं काऊन नाही?"

"सांगितलं त पोट्टे दिवसभर चिडवतेत मॅडम."

प्रत्येकीची तऱ्हा वेगळी असते. हात वर जाता जाता केसांकडे वळतो. उत्तर शेजारणीच्या कानात सांगितलं जातं, आणि शेजारीण ते मोठ्यानं सांगते. घटक चाचणीत अठरा मिळाले तर मैत्रिणींना चौदा सांगितले जातात. काही मुली येत असलेला प्रश्न पेपरात मुद्दाम सोडतात. उत्तराआधी "चुकलं असंन, पण..." हे तर जवळजवळ सगळ्याच लावतात.

२. आमची पोरगी जात्याच लाजाळू आहे. लाजणं आणि लपवणं यातला फरक कसा ओळखायचा?

लाजाळू मूल सगळीकडेच लाजतं. पाहुण्यांसमोर, दुकानात, मावशीच्या घरीही. लपवणारी मुलगी जागा बघून गप्प होते. घरी धाकट्या भावाला पाढे शिकवताना तिचा आवाज अंगणाबाहेर ऐकू येतो, वर्गात मात्र तीच भिंतीला टेकून बसते. मी एक साधी गोष्ट करून बघते. एक तास फक्त मुलींचा गट करून तोच प्रश्न देते. जी एरवी बोलत नाही ती तिथे बाकीच्यांना समजावून सांगायला लागली, तर ती लाजाळू नाही. आपला वर्ग तिला परवडत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

३. पण लपवायचं कशासाठी? हुशार असणं तर चांगलंच ना?

चांगलं आहे, पण त्याची किंमत मुलीला रोज मोजावी लागते. हे नीट समजून घेतल्याशिवाय पुढचं काहीच उपयोगाचं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली किंमत नावांची. आमच्याकडे "लय हुशारी मारते", "भाव खाते", "मॅडमची चमची" ही नावं तयारच असतात. मुलगा पटापट उत्तरं देतो तेव्हा तो "तेज" असतो. मुलगी तेच करते तेव्हा ती "पुढं पुढं करते". एखाद्या मुलाला तिनं गणितात हरवलं की दुसऱ्या दिवशी त्याचं नाव तिच्या नावाशी जोडून बाकावर कोरलेलं असतं. खेड्यात ही गोष्ट शाळेच्या फाटकात थांबत नाही. संध्याकाळी पारावर पोचते, तिथून घरी. मग घरचे चौकशी मुलाची करत नाहीत, मुलीची शाळा बंद करायचं बोलतात. तेरा वर्षांच्या मुलीला हा सगळा हिशेब पाठ असतो. तिला भित्री म्हणणं अन्याय आहे. गप्प राहून ती शाळा टिकवते आहे.

दुसरी किंमत घरातली, त्याबद्दल प्रश्न १० आणि ११ पाहा.

तिसरी गोष्ट सगळ्यांत खोल जाते, कारण ती कुणी ओरडून सांगत नाही. पालकसभेत मी वर्षानुवर्षं ऐकते, "पोरगा हुशार आहे, फक्त अभ्यास करत नाही." आणि मुलीबद्दल, "मेहनती आहे, पाठांतर चांगलं आहे." गुण मुलीला जास्त असले तरी डोकं मुलाचंच. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लहान मुलांना "खूप खूप हुशार" माणूस कोण असेल ते विचारलं. मुलं जितक्या वेळा पुरुषाकडे, तितक्याच वेळा पाच वर्षांच्या मुली बाईकडे बोट दाखवत होत्या. सहा-सात वर्षांच्या मुलींत ते प्रमाण घटलं होतं. शाळेत चांगले गुण कोण मिळवतं असं विचारल्यावर मात्र याच वयाच्या मुली मुलींचं नाव घेत होत्या. म्हणजे गुण आपले आणि बुद्धी त्यांची, ही वाटणी पहिली-दुसरीतच होऊन जाते. देश दुसरा, पण वाचताना मला आमची पालकसभाच आठवली.

४. दहावीच्या निकालात दरवर्षी मुलीच पुढे असतात. मग हा प्रश्न उरतो कुठे?

२०२५ च्या दहावीच्या निकालात राज्यात ९६.१४ टक्के मुली उत्तीर्ण झाल्या आणि ९२.३१ टक्के मुलं. आकडे खरे आहेत आणि मला त्यांचा आनंद आहे. पण बोर्डाचा पेपर ही मुलीसाठी सगळ्यांत सुरक्षित जागा. तिथे चिडवायला कुणी नसतं, नावाच्या जागी बैठक क्रमांक असतो, आणि उत्तरपत्रिका गावाबाहेर तपासली जाते. तिला येतं हे पेपर सिद्ध करतो. चार माणसांत ते बोलून दाखवायची सवय मात्र पेपरातून लागत नाही.

पुढे मात्र या सवयीची गरज पडतेच. अकरावीला विज्ञान घेऊ की कला, हे ठरवायला बसलेल्या काका-बाबांसमोर "मला गणित जमतं, मला विज्ञान घ्यायचं आहे" हे वाक्य तिलाच म्हणावं लागतं. कित्येक गावांत कनिष्ठ महाविद्यालयात फक्त कला शाखा असते. विज्ञानासाठी तालुक्याला जावं लागतं. बोलली नाही तर जवळचं कॉलेज ठरतं. माझ्या डोळ्यांसमोर असे निर्णय दहा मिनिटांत झाले आहेत, आणि मुलगी तेव्हा चहा करत होती.

५. (चिठ्ठी) मी आठव्या वर्गात आहे. उत्तर दिलं की मुलं "कलेक्टरीन बाई आली" म्हणतात. मी काय करू?

बेटा, "दुर्लक्ष कर" असं मी म्हणणार नाही. दिवसभर कानावर पडणाऱ्या गोष्टीकडे दुर्लक्ष होत नसतं.

एकटी बोलू नकोस. अशीच एक मैत्रीण शोध आणि दोघींनी ठरवा, की विज्ञानाच्या तासाला दोघी हात वर करणार. दोघींना एकाच वेळी चिडवणं पोरांना जड जातं. सगळ्या विषयांत एकदम सुरुवात करायची गरज नाही. आठवड्याला एकच तास निवड. आणि उत्तराऐवजी प्रश्न विचारून बघ, "सर, हे असं केलं तर चालतं का?" प्रश्न विचारणारीला चिडवायला पोरांना पटकन शब्द सुचत नाहीत, पण शिक्षकाला लगेच कळतं की हिचं डोकं चालतं.

चिडवणं थांबवणं हे तुझं काम नाही, शाळेचं आहे. २०२२ पासून शाळांत मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असणं अपेक्षित आहे. तुमच्या शाळेत तिच्यात कोण आहे ते विचार, विचारायची लाज वाटत असेल तर पेटीत चिठ्ठी टाक. नाव लिहायची सक्ती नाही. फक्त वर्ग, तास आणि नेमके शब्द लिही. "त्रास देतात" एवढंच लिहिलं तर आम्हाला काही करता येत नाही.

६. (चिठ्ठी) मुलं नाही, माझ्या मैत्रिणीच टाळतात. पहिला नंबर आला की बोलत नाहीत.

हे जास्त दुखतं, मला माहीत आहे. तुझे गुण ऐकून त्यांच्या घरी "ती बघ, आणि तू बघ" सुरू होतं, त्याचा राग तुझ्यावर निघतो. गुण कमी करून सांगू नकोस. खोटं उघडं पडलं की मैत्री कायमची जाते. परीक्षेआधी दोन दिवस त्यांच्यासोबत बस, जे येतं ते सांग, जे येत नाही ते विचार. त्यांना काय येतं ते बघ, काही ना काही नक्की येतं. तरीही एखादी तुटली तर थोडे दिवस रडू येईल. येऊ दे.

७. (चिठ्ठी) मी हात वर केला की सर म्हणतात, "तू बस, तुले त सगळंच येते." मग सगळे हसतात.

सरांना बहुधा बाकीच्यांना संधी द्यायची असते. पण तुझ्या कानाला "तू नकोशी आहेस" असंच ऐकू येतं, आणि हसणाऱ्यांना परवानगी मिळते. तुझं काहीही चुकलेलं नाही.

माझ्या सहकाऱ्यांना यावर एक विनंती. "मुलगी असून गणितात पहिली!" ही शाबासकी देऊ नका. त्या कौतुकात काटा आहे, आणि तो मागच्या बाकावरच्या पंधरा मुलींना टोचतो. टोमणा रोजचाच होऊन मुलगी शाळेला यायला घाबरू लागली असेल, तर ही गोष्ट स्वभावाची राहत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे. पालकांनी आधी मुख्याध्यापकांशी बोलावं, मग शाळा व्यवस्थापन समितीकडे जावं. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. ती तुमचीच आहे.

८. मी शिक्षक आहे. मुलींना आवर्जून विचारतो, पण त्या तोंडच उघडत नाहीत. काय करावं?

सर, प्रश्न विचारल्यावर तुम्ही किती वेळ थांबता ते घड्याळ लावून बघा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं १९७० च्या दशकात वर्गांचं ध्वनिमुद्रण ऐकून दाखवलं, की शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलतात. मी स्वतः मोजलं तेव्हा शरम वाटली. माझ्या एका सेकंदात पुढच्या बाकावरची तीन मुलंच मावत होती. बोलावं की नाही याचा हिशेब करणाऱ्या मुलीला ते तीन सेकंद लागतातच.

मी आता आधी सगळ्यांना उत्तर वहीत लिहायला लावते, मग शेजारच्याशी बोलायला, आणि त्यानंतर विचारते. विचारतानाही हात बघत नाही. आईस्क्रीमच्या काड्यांवर सगळ्यांची नावं लिहून डब्यात ठेवली आहेत, काडी निघेल त्यानं सांगायचं. "हुशारी मारते" हा आरोप मग काडीवर जातो. मुलगी म्हणू शकते, "मी कुठं गेली, काडी निघाली." हे छोटं निमित्त तिला फार मोठा आधार देतं. डबा आणल्यावर पहिल्या महिन्यातच मला कळलं की माझ्या यादीतल्या "कच्च्या" मुलींपैकी चार जणी कच्च्या नव्हत्याच.

प्रयोगाच्या तासालाही बघा. परीक्षानळी कुणाच्या हातात आणि निरीक्षणं लिहायला कोण? आमच्याकडे साधन पोराच्या हाती आणि वही पोरीच्या हाती, हे इतकं सवयीचं होतं की वर्षानुवर्षं मला ते दिसलंच नाही. आता आम्ही दर तासाला आलटूनपालटून करतो. पाहुणे येणार असले की रांगोळीला आणि पाणी द्यायला मुली, माईकवर मुलगा. तेही आलटूनपालटून करता येतं.

९. हे शहरातलं खूळ नाही का? आपल्या भागात असं काही नव्हतं.

१८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे यांनी त्या काळात लेकीला मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवलं होतं. पुस्तक निघाल्यावर इतकी टीका झाली की जोतीराव फुले यांना त्यांच्या बाजूनं लिहावं लागलं. ताराबाईंच्या नावावर पुढे दुसरं पुस्तक नाही. विदर्भातली बाई बोलली, तिला बोलल्याची किंमत मोजावी लागली, आणि ती गप्प झाली. खूळ असेल तर ते निदान १४० वर्षं जुनं आहे, आणि बुलढाण्याचंच आहे.

१०. जास्त हुशार, जास्त शिकलेली म्हटलं की लग्नाला अडचण येते. "लय शिकली त पोरगा कुठून आनायचा?" यावर काय सांगाल?

अडचण येत नाही असं खोटं मी सांगणार नाही. काही घरांत स्थळ शोधायला वेळ लागतो. पण ही काळजी सातवीतल्या मुलीसमोर बोलून दाखवली की ती त्याच दिवशी स्वतःची उंची कमी करायला लागते. लग्न अजून बरंच दूर आहे. १८ वर्षांआधी ते कायद्यानंच करता येत नाही, आणि कुठे ठरत असेल तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करता येतो.

बऱ्याच घरांत लग्नाच्या बोलण्याआड खर्चाची काळजी असते, म्हणून पैशाचं सांगते. एसटीचा पास पाचवी ते बारावीच्या मुलींना मोफत आहे. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. तिच्यात निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. शासकीय किंवा अनुदानित शाळेत शिकणारी आणि घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेली मुलगी बसू शकते. आणि ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास, शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. उत्पन्नाचा दाखला वेळेत काढून ठेवा. ऐन प्रवेशाच्या दिवसांत सेतू केंद्रात रांगा असतात.

११. भाऊ तिच्याच वर्गात आहे. त्याला वाईट वाटू नये म्हणून ती मुद्दाम मागे राहते असा संशय आहे.

संशय खरा असू शकतो. मीच हे केलं आहे.

माझा भाऊ माझ्यापेक्षा एक वर्षानं मोठा. सातवीत तो नापास झाला आणि आम्ही एका वर्गात आलो. पहिल्या सहामाहीत मला गणितात ८६ आणि त्याला ४१ मिळाले. बाबांनी दोन्ही प्रगतिपुस्तकं शेजारी शेजारी ठेवली, त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाले, "पोरीच्या जातीनं तुले मागं टाकलं." मला ते एक शब्द बोलले नाहीत. वार्षिक परीक्षेत मी दोन उदाहरणं कोरी ठेवली. कुणी सांगितलं नव्हतं. भावाला मार बसू नये एवढंच मनात होतं.

म्हणून सांगते, दोघांची प्रगतिपुस्तकं कधीही एकत्र उघडू नका. मुलाला लाज वाटावी म्हणून मुलीच्या गुणांची काठी करू नका. ती काठी दोघांनाही लागते. शाळेला विनंती करून तुकड्या वेगळ्या करता आल्या तर करा. आणि मुलीला एकटीला, एकदा तरी, स्पष्ट सांगा, "तू पुढं गेल्यानं त्याचं काही कमी होत नाही."

१२. मी बाप आहे, स्वतः चौथी शिकलो. घरी मी काय करू शकतो?

कापूस वेचणीचा हिशेब तिच्याकडे द्या. कोणत्या बाईनं किती किलो वेचला, किलोमागे भाव किती, कुणाला किती द्यायचे, हे संध्याकाळी काट्याजवळ उभं राहून चारचौघांसमोर तिला मोठ्यानं सांगू द्या. माझ्या ओळखीच्या एका बापानं हे केलं. जिनिंगवरून आलेली काटापावतीही तो मुलीकडूनच वाचून घ्यायचा. एकदा तिनं क्विंटलमागची कपात दोनदा धरलेली पकडली. त्यानंतर काकासुद्धा आपली पावती घेऊन तिच्याकडे यायला लागला. ज्या मुलीचं गणित काट्याजवळ ऐकलं जातं, ती वर्गात कमी घाबरते. फक्त वेचणीच्या दिवसांत तिला शाळा बुडवून शेतात नेऊ नका. हिशेब संध्याकाळचा असतो.

आजी "बाईच्या जातीनं येवढं पुढं पुढं करू नये" म्हणाली तर आजीशी भांडू नका. मुलीसमोर शांतपणे एवढंच म्हणा, "माय, मले चालते."

१३. नवोदयला पाठवलं तर हा त्रास सुटेल का?

काहींचा सुटतो. पाचवीत परीक्षा, सहावीत प्रवेश, राहणं-जेवण मोफत. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना आणि एक तृतीयांश जागा मुलींना असतात. वर्ध्यात सेलूकाटे, गडचिरोलीत घोट इथे नवोदय आहे. परीक्षेला जरूर बसवा. पण जागा थोड्या आहेत. निवड झाली नाही म्हणून मुलगी कमी हुशार ठरत नाही, हे निकालाआधीच घरात बोलून ठेवा.

१४. आमच्या शाळेत कोलाम, गोंड आदिवासी मुली आहेत. त्या काहीच बोलत नाहीत. त्याही लपवतात का?

आधी भाषा तपासा. घरी कोलामी किंवा गोंडी बोलणारी मुलगी उत्तर आधी तिच्या भाषेत तयार करते, मग मराठीत आणते, आणि तोवर आपण पुढे गेलेलो असतो. तिला गप्प समजू नका. तिच्या भाषेत उत्तर देऊ द्या, तीच भाषा येणाऱ्या दुसऱ्या मुलीला मराठीत सांगायला लावा. नंतरही गप्प राहिली तर प्रश्न ३ मधली कारणं शोधा. तिच्या उच्चारांना कुणी हसलं होतं का, हे आधी विचारा. बहुतेक वेळा कुणीतरी हसलेलं असतं.

१५. कधी न दाखवणंच बरोबर असू शकतं का?

हो. ज्या घरात मुलीची शाळा बंद करायला एखादं कारणच हवं असतं, किंवा मागे लागलेल्या मुलामुळे तिला सुरक्षित वाटत नाही, तिथे तिनं काही महिने गप्प राहायचं ठरवलं तर मी तिला बळंच उभी करत नाही. सोसावं तिला लागणार, म्हणून निर्णयही तिचा. अशा वेळी मी दोनच गोष्टी मागते. निदान एका मोठ्या माणसाला तिला काय येतं ते खरं माहीत असलं पाहिजे. आणि सराव थांबता कामा नये. दोन-तीन वर्षं न वापरलेलं गणित खरोखरच विसरतं, मग लपवायलाही काही उरत नाही.

प्रश्न १ मधली ती मुलगी वर्गात अजून फारशी बोलत नाही. मी बोलवतही नाही. वहीचं मागचं पान ती भरत असते. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ती वही टेबलावर ठेवते, मी लाल पेनानं तपासते. परवा एका उदाहरणाखाली तिनं पेन्सिलीनं लिहिलं होतं, "मॅडम, तुमचं चुकलं." माझं खरंच चुकलं होतं. सोमवारी मी फळ्यावर ते दुरुस्त केलं आणि म्हणाले, वर्गातल्या एकीनं ही चूक दाखवली. नाव सांगितलं नाही. पण ती दुसऱ्या बाकावर होती आणि खाली बघत नव्हती.